बोलताना लांब, लिहिताना तुटक

पत्राचा सारांश: नागपुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत चौथीला शिकवणाऱ्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. नोकरीचं तिसरं वर्ष, वर्गात ४२ मुलं. बऱ्याच घरांत वऱ्हाडी वळणाची मराठी, काही घरांत हिंदी, एक-दोन घरांत आजी-आजोबांच्या तोंडी हलबी. मुलं लिहितात ती वाक्यं चार-पाच शब्दांपुढे जात नाहीत: ‘पोळा माझा आवडता सण आहे. पोळ्याला बैल सजवतात. मला पोळा खूप आवडतो.’ वह्या पाहून मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘चौथीची मुलं दुसरीसारखी लिहितात, वाक्यं मोठी करून घ्या.’ म्हणून बाईंनी केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्यं व्याख्येसकट शिकवली आणि उभयान्वयी अव्ययांचा, म्हणजे ‘आणि’, ‘पण’, ‘कारण’ अशा वाक्यं जोडणाऱ्या शब्दांचा, तक्ता भिंतीवर लावला. आता मुलं स्वाध्यायात मिश्र वाक्य बरोबर ओळखतात, पण स्वतःचं काही लिहायला बसली की पुन्हा तुटक. काहींनी वाक्य मोठं केलं ते असं: ‘मी उठलो आणि दात घासले आणि चहा प्यायलो आणि शाळेत आलो.’ पत्राच्या शेवटी नाग नदीच्या काठच्या वस्तीतल्या एका मुलाचा प्रसंग आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून पाणी घराघरांत शिरलं, त्या रात्रीबद्दल तो वर्गात भरभरून बोलला; मात्र वहीत त्यानं तीन ओळी लिहिल्या. शिक्षिका विचारतात, ‘या मुलांची भाषाच कच्ची आहे का? व्याकरण आणखी घोटून घेऊ, की हा नाद सोडून देऊ?’

प्रिय ताई,

त्या मुलाचं बोलणं तुम्ही जसंच्या तसं उतरवून पाठवलंत, ते फार चांगलं केलंत. त्यात त्याचा ‘तं’ आणि ‘मंग’सुद्धा तुम्ही तसाच ठेवलात. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे, म्हणून आधी तेच दोघी मिळून पुन्हा वाचू या.

तो म्हणाला: ‘पाणी घरात घुसलं ना मॅडम, तं आजीले काहीच समजे ना, काहून की लाईट गेली होती. मंग बाबानं तिले उचलून माडीवर नेलं, जेव्हा की बाबाचाच पाय दुखून राहिला होता.’

आणि वहीत त्यानं लिहिलं: ‘पाऊस आला. घरात पाणी आले. आम्ही घाबरलो.’

आता त्याच्या बोलण्याचे सांधे मोजून बघा. ‘घुसलं ना, तं’ यात एका घटनेवर दुसरी टेकली आहे. ‘काहून की’ने कारण दिलं आहे. ‘उचलून’मध्ये दोन क्रिया एकाच माणसाच्या हातात गुंफल्या आहेत. आणि ‘जेव्हा की’ तर बाबांनी जे केलं त्याचं मोल सांगतो, पाय दुखत असूनही त्यांनी आजीला वर नेलं. हे शेवटचं जोडकाम अवघड असतं. पुस्तकात आपण ते ‘जरी–तरी’ म्हणून शिकवतो आणि मोठ्या मुलांचाही तिथे गोंधळ उडतो. चौथीतलं हे लेकरू दोन दमांत चार सांधे घालतं. त्याची भाषा कच्ची कशी असेल?

मिश्र वाक्य त्याला येतं, पण तोंडातून वहीत येता येता कुठेतरी ते गळून पडतं. त्यामुळे ‘मिश्र वाक्य कसं शिकवू?’ याच्या आधी ‘वाटेत ते कुठे गळतं?’ हे शोधायला हवं. तिथे दुरुस्ती केली तर शिकवण्याचं काम तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी उरेल.

माझ्या मते पहिली गळती हातात होते. चौथीच्या अनेक मुलांचा हात अजून मंद असतो. ‘घुसलं’ लिहिताना पहिला उकार की दुसरा, ‘माडीवर’ची वेलांटी कुठली, जोडाक्षर कसं फोडायचं, यात त्यांचं लक्ष इतकं गुंततं की वाक्याचा उरलेला अर्धा भाग मनातून निसटतो. छोटं वाक्य लवकर संपतं, पूर्णविराम देता येतो, सुटका होते. दुसरी गळती लाल शाईची. ज्या मुलाच्या वहीत दर ओळीला दोन गोल पडतात, ते मूल फार लवकर शहाणं होतं. जे शब्द नक्की बरोबर येतात तेवढेच ते लिहितं. ‘आम्ही घाबरलो’ हे सुरक्षित वाक्य आहे. ‘बाबाचाच पाय दुखत असतानासुद्धा’ लिहायचं म्हणजे सहा ठिकाणी चुकण्याची जोखीम.

तिसरी गळती आपल्या कानांमुळे होते, आणि तिच्याबद्दल मला माझंच सांगावं लागेल. मी सत्तावीस वर्षं प्राथमिकचे वर्ग शिकवले. सुरुवातीच्या एका वर्षी तिसरीतली एक मुलगी मला काहीतरी समजावून सांगत होती, तिच्या बकरीबद्दल. ती ‘काहून की’ म्हणाली आणि मी तिला थांबवलं: ‘कारण म्हण.’ तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा ‘काहून की’ आलं, मी पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, ‘बकरी आजारी होती,’ आणि खाली बसली. तिचं कारण माझ्यापर्यंत पोहोचलंच नाही. त्या वर्षभर ती माझ्यासमोर तीन-चार शब्दांतच बोलत राहिली आणि मी तिच्या प्रगतिपुस्तकात ‘अभिव्यक्ती कमी’ असं लिहिलं. तो शेरा आठवला की मला आजही वाईट वाटतं. ‘काहून की’ काढून घेताना मी तिच्या हातातला सांधाच काढून घेतला होता आणि त्या जागी तिला काहीच दिलं नव्हतं.

म्हणून ‘नागपुरी बोलीमुळे आणि हिंदीमुळे मुलांची मराठी बिघडते’ हा जो सूर तुमच्या पत्रात मधूनमधून येतो, त्याबद्दल थोडं थांबून विचार करा. ‘काहून की’ आणि ‘कारण’ यांचं काम एकच. ‘जवा–तवा’ आणि ‘जेव्हा–तेव्हा’ ही एकच जोडी. हिंदीच्या घरातलं मूल ‘अगर–तो’ आणि ‘जब–तब’ घेऊन येतं, आणि तीही आपल्या ‘जर–तर’, ‘जेव्हा–तेव्हा’सारखी दोन टोकांचीच रचना आहे. साचा मुलांच्या डोक्यात तयार असतो, वरचा शब्द तेवढा बदलायचा असतो. फळ्यावर दोन रकाने आखा, ‘घरी म्हणतो’ आणि ‘पुस्तकात लिहितो’. पहिल्यात ‘काहून की’, ‘तं’, ‘मंग’, ‘जेव्हा की’, ‘येऊन राहिला’. दुसऱ्यात ‘कारण’, ‘तर’, ‘मग’, ‘जरी–तरी’, ‘येत आहे’. पहिला रकाना मुलांना भरू द्या. त्यांना त्यात फार मजा येते, आणि आपली बोली फळ्यावर बाईंच्या अक्षरात दिसली की मागच्या बाकावरची मुलंही हात वर करतात. यात प्रमाण भाषा शिकवणं सोडायचं नाही. कुठल्या दारातून आत जायचं, एवढंच आपण बदलतो आहोत.

आता ‘वाक्यं मोठी करून घ्या’ या सूचनेबद्दल. मुख्याध्यापिकांची काळजी खरी आहे, पण त्यांनी लक्षण सांगितलं, दुखणं नाही. लांबी मागितली की मुलं लांबीच देतात, ‘आणि… आणि… आणि…’. त्या मुलांनी तुमचं ऐकलं, ताई, अगदी तंतोतंत ऐकलं. पण उठणं, दात घासणं, चहा पिणं यांत सांगण्यासारखा सांधाच नाही. एकामागून एक घडलेल्या गोष्टी आहेत, त्या सुट्या लिहिल्या तरी काही बिघडत नाही. जिथे एका गोष्टीमुळे दुसरी घडते, एक असूनही दुसरी घडत नाही, एक घडली तरच दुसरी घडणार असते, तिथेच मिश्र वाक्याची गरज पडते. म्हणजे आधी विचारात सांधा हवा, मग तो वाक्यात उतरतो. ‘माझा आवडता सण’ या विषयावर मूल तुटकच लिहिणार, कारण त्यात त्याला कुणाला काही पटवायचं नसतं, समजावायचं नसतं. ‘तुझ्या बैलाला बक्षीस का मिळालं नाही?’ असं विचारा आणि बघा.

शिवाय तुटक वाक्य हा दोष नव्हे. ‘बाबाचाच पाय दुखत होता तरी त्यांनी आजीला उचलून माडीवर नेलं. पाणी वाढतच होतं.’ इथलं दुसरं वाक्य तीनच शब्दांचं आहे आणि ते तसंच असायला हवं. मुलांना हे दोन्ही ऐकवा, कुठलं कुठे शोभतं ते विचारा. नवव्या वर्षी मुलांना हे कानानं नक्की कळतं.

व्याख्यांचं काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे: चौथीसाठी त्या बाजूला ठेवा. केवल, संयुक्त, मिश्र हे प्रकार पुढच्या इयत्तांत येतातच. ओळखता येणं आणि वापरता येणं ही दोन निराळी कौशल्यं आहेत, हे तुमच्या वर्गानं तुम्हाला दाखवलंच आहे. बाहेरचा अनुभवही तसाच आहे. अमेरिकेत स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावर झालेले अनेक प्रयोग एकत्र तपासले. सुटी वाक्यं जोडून एक करण्याच्या सरावानं मुलांचं लेखन सुधारलेलं दिसलं; व्याकरण लेखनापासून तोडून वेगळं शिकवलं, तिथे लेखनाला फायदा दिसला नाही, उलट परिणाम प्रतिकूल आला. ते काम इंग्रजी लेखनाबद्दलचं आहे आणि मराठीची घडण वेगळी, पण माझ्या वर्गांत मला जे दिसलं ते याच दिशेचं होतं.

मराठीची घडण वेगळी म्हणजे कशी, हे मात्र बारकाईनं बघायला हवं, कारण आपल्या तक्त्यात निम्मी मराठी येतच नाही. ‘पाऊस पडला तर पीक येईल’ हे मिश्र वाक्य. ‘पाऊस पडल्यास पीक येईल’ हे व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे केवल वाक्य! विचार तोच, अट तीच, फक्त सांधा स्वतंत्र शब्दातून निघून क्रियापदाच्या पोटात गेला. ‘आल्यावर’, ‘येताच’, ‘येताना’, ‘आलेला’, ‘येणारा’, ‘येऊन’ ही आपल्या भाषेची खास सोय आहे आणि मुलं ती बोलताना रात्रंदिवस वापरतात. तुम्ही वह्यांत फक्त ‘की’, ‘कारण’, ‘जर–तर’ शोधत असाल, तर ‘शाळा सुटल्यावर आईनं दिलेला डबा खात खात घरी गेले’ लिहिणाऱ्या मुलीला ‘केवल वाक्य’ म्हणून कमी लेखाल. तिनं तर चार क्रिया एका वाक्यात बसवल्या आहेत.

याच ठिकाणी खरी मदत लागते, कारण खऱ्या चुका इथेच होतात. ‘मी घरी जाऊन आईने जेवायला दिलं.’ हे वाक्य तुमच्याही वह्यांत सापडेल. ‘-ऊन’ वापरलं की दोन्ही क्रिया एकाच माणसाच्या हव्यात. जाणारा मी आणि देणारी आई, म्हणून ‘मी घरी गेल्यावर आईने जेवायला दिलं’. हा नियम सांगू नका, खेळून दाखवा. दोन मुलांना पुढे बोलवा. एकच मूल दार उघडून आत आलं तर ‘उघडून’, एकानं दार उघडलं आणि दुसरं आत आलं तर ‘उघडल्यावर’. दोन-तीनदा झालं की पुढच्या वेळी वर्गच ओरडून सांगतो. दुसरी नेहमीची चूक अर्ध्या जोडीची: ‘जेव्हा पाऊस आला.’ आणि पूर्णविराम. त्यासाठी रोज हजेरीनंतर एक मिनिट पुरतं. तुम्ही म्हणा, ‘जिथे चिखल…’, वर्ग म्हणेल, ‘तिथे डास!’ ‘जितकं ऊन…’ ‘तितकी तहान!’ एक टोक ऐकलं की दुसऱ्याची वाट बघायची सवय कानाला लागली, की हातालाही ते अर्धं सोडवत नाही.

आणखी एक गोष्ट, ‘की’बद्दल. इंग्रजीच्या तासाला मुलं दुसऱ्याचं बोलणं सांगताना सर्वनाम बदलायला शिकतात आणि पुढे तोच नियम मराठीला लावतात. ‘आई म्हणाली की मी उद्या येते’ हे शुद्ध मराठी आहे. यातली ‘मी’ म्हणजे आईच. ते चूक म्हणून कापू नका.

कानावर मी एवढा भर देते त्याला कारण आहे. मोडीत लिहीत तेव्हा शब्दसुद्धा सुटे करण्याची रीत नव्हती, मग स्वल्पविराम-पूर्णविराम कुठले? आज आपण वापरतो ती विरामचिन्हं एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या संपर्कातून मराठीत आली. ती रूढ करण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्याआधीचा वाचक वाक्य कुठे वळतं हे ‘जर’, ‘तर’, ‘म्हणून’, ‘की’ आणि ‘-ऊन’ ऐकूनच ओळखत असे. आपल्या मुलांकडेही तोच कान आहे. लिहिलेलं वाक्य प्रत्येकानं ओठांनी वाचायचं, पुटपुटत का होईना, हा नियमच करा. वर्गात गोंगाट होईल, होऊ द्या.

आता रोजचं काम. तुमच्याकडे ४२ मुलं आहेत, तासिका ठरलेल्या आहेत, वरून ऑनलाइन माहिती भरायची कामं आहेत, हे मला माहीत आहे. म्हणून दिवसाला दहा मिनिटांपेक्षा जास्त मी मागत नाही.

आपल्याकडे शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून, जून सरत आल्यावर उघडतात. तेव्हापासून पोळ्यापर्यंत फक्त तीन शब्द घ्या: कारण, पण, म्हणून. फळ्यावर वाक्याचं एकच डोकं लिहायचं आणि तीन शेपट्या मुलांनी लावायच्या. समजा, तान्हा पोळा, म्हणजे लाकडी बैलांचा मुलांचा पोळा, नुकताच झाला आहे: ‘माझा लाकडी बैल सगळ्यांत लहान होता…’ कारण? ‘कारण तो दादाचा जुना आहे.’ पण? ‘पण बोजारा (पोळ्याची ओवाळणी) मलाच जास्त मिळाला.’ म्हणून? ‘म्हणून मी त्याला टेबलावर उभं केलं.’ डोकं एकच आणि तीन शब्दांनी विचार तीन दिशांना गेला. हा सराव परिसर अभ्यासातही चालतो: ‘संत्र्याच्या झाडाला पाणी तोडलं कारण… / पण… / म्हणून…’ ज्या मुलाला आंबिया बहार आणि मृग बहार हे संत्र्याचे दोन हंगाम माहीत आहेत, ज्याच्या मामाची काटोलकडे बाग आहे, ते इथे सगळ्या वर्गाला शिकवेल. तुम्हाला उत्तरावरून धडा किती समजला तेही कळेल, कारण ‘कारण’च्या पुढे घोकलेलं वाक्य सहसा बसत नाही.

पोळ्यानंतर दिवाळीपर्यंत जोडकाम. मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी पुतळ्यांची मिरवणूक, आपल्या मुलांनी पाहिलेली असते, तीच घ्या. कागदाच्या दोन पट्ट्या: ‘मारबत निघाली.’ ‘आम्ही गच्चीवर गेलो.’ किती तऱ्हांनी जोडाल? ‘मारबत निघाली म्हणून आम्ही गच्चीवर गेलो.’ ‘मारबत निघताच आम्ही गच्चीवर गेलो.’ ‘जेव्हा मारबत निघाली तेव्हा आम्ही गच्चीवर गेलो.’ आणि कुणीतरी म्हणेलच, ‘मारबत निघाली तरी आम्ही गच्चीवरच होतो.’ सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न त्यानंतर विचारायचा: यातलं खरं कुठलं? तुमच्या घरी काय झालं होतं? ‘म्हणून’ लिहिलं तर मारबत बघायला गेलो असा अर्थ होतो, ‘तेव्हा’ लिहिलं तर कदाचित पतंगासाठीही गेलो असू. मुलं यावर वाद घालतात. तो वाद पाच मिनिटं चालला तर चालू द्या, कारण शब्दाचं काम त्यांना तिथेच कळतं. ‘कुठलाही जोडा, वाक्य मोठं झालं म्हणजे झालं’ या सवयीवर याहून चांगलं औषध मला मिळालेलं नाही.

‘जर–तर’ आणि ‘जो–तो’ दिवाळीनंतर, ‘जरी–तरी’ शेवटी. हा क्रम माझ्या अनुभवाचा आहे. तुमच्या वर्गात एखादं मूल आधीच ‘जरी’ वापरत असेल तर त्याला थांबवू नका. आणि मुलांसमोर या शब्दांना ‘सांधे’ म्हणा. ‘जोडशब्द’ म्हणू नका, तो शब्द आपण ‘घरदार’, ‘बाजारहाट’साठी वापरतो, उगाच घोळ होईल.

‘आणि’च्या माळेवर बंदी घालू नका. मुलाला ती माळ मोठ्यानं वाचू द्या, प्रत्येक ‘आणि’वर बोट ठेवू द्या, आणि फक्त एक ‘आणि’ बदलायला सांगा, कुठला ते त्यानंच ठरवायचं. ‘मी उठलो आणि दात घासले आणि चहा पिऊन शाळेत आलो.’ आजच्यासाठी एवढं पुरे.

वह्या तपासण्याची रीत मात्र बदलावी लागेल. रोज सात वह्या घ्या, सहा दिवसांत सगळ्या होतात. प्रत्येक वहीत एकाच वाक्याखाली रेघ मारा, ज्यात सांधा नीट बसला आहे किंवा बसता बसता राहिला आहे. या दहा मिनिटांच्या लेखनात ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नका. शुद्धलेखनासाठी आठवड्यात वेगळा वेळ ठेवा आणि तिथे हवे तितके काटेकोर राहा. दोन्ही एकाच शाईनं तपासलं की मूल सुरक्षित वाक्यांकडे पळतं. भिंतीवरचा अव्ययांचा तक्ता उतरवून तिथे मुलांची अशी वाक्यं लावा. ज्याचा हात फारच मंद आहे, त्याला जोडीदाराला सांगू द्या, जोडीदार लिहील. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःचंच वाक्य उतरवायचं.

पालकांनाही थोडं काम द्या. बहुतेक घरांत निबंध बाजारातल्या पुस्तकातून पाठ करून घेतात आणि त्यात त्यांना आपण मदतच केली असं वाटतं. त्यांना रागावू नका. त्यांच्या हातात एक प्रश्न द्या: मूल शाळेतून आल्यावर काही सांगू लागलं की मध्ये दुरुस्ती न करता फक्त ‘काहून?’ आणि ‘मंग?’ विचारा. जे आईवडील स्वतःला ‘आम्ही कुठे शिकलेले’ म्हणून मागे ओढतात, त्यांना हे सहज जमतं. भाजी निवडताना, रात्री कूलरमध्ये पाणी भरताना, कुठेही.

मुख्याध्यापिकांशी बोलाल तेव्हा वाद घालू नका, दोन पानं घेऊन जा. एक शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातलं, एक दिवाळीनंतरचं, त्याच मुलाचं. शब्द मोजू नका, सांधे मोजून दाखवा. फरक सगळ्या वह्यांत सारखा दिसणार नाही. काही मुलांत तो मार्चपर्यंतही दिसायचा नाही, आणि त्यांच्यासाठी पाचवीच्या शिक्षकांना आपण काय केलं हे एका चिठ्ठीत लिहून द्यावं लागेल.

राहिला तुमचा तो मुलगा. तुम्ही धरून चाललात की त्याला लिहिता आलं नाही. मला दुसरी शक्यताही दिसते: त्याला ते लिहायचंच नसेल. अंधार, घरात पाणी, आजी, बाबांचा दुखरा पाय, हे ओळखीच्या माणसांसमोर बोलून टाकणं एक आणि वहीत कायमचं ठेवणं दुसरं. म्हणून भाषेचा सराव त्या रात्रीवर घेऊ नका. दुपारच्या सुट्टीत त्याला जवळ बसवा आणि सांगा की त्या दिवशी तू जे बोललास ते मला आवडलं, मी ते तसंच लिहून ठेवलं आहे. त्याचे शब्द त्याला वाचून दाखवा, ‘काहून की’सकट. मग विचारा, यातलं एखादं वाक्य तुझ्या वहीत हवं आहे का? हो म्हणाला तर कुठलं ते त्याला निवडू द्या, आणि त्यानं ‘जेव्हा की’ तसंच ठेवलं तर या वेळी राहू द्या. नाही म्हणाला, तर त्याच्या लाकडी बैलाचं काय झालं ते विचारा.